जुन्या मालमोटारींचे ॲक्सल व ट्रान्सफर केस : अदलाबदलीचा हिशेब

आमच्या व्यापारी बांधवांपैकी काहींचा मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा आहे, काहींच्या पदरी मालमोटारी आहेत, आणि ज्यांच्या वखारीच्या मागील अंगास आजोबांच्या काळची एखादी जीप किंवा डिस्पोजलमध्ये घेतलेली मालमोटार ताडपत्रीखाली उभी आहे असेही काही आहेत. या तिघांनाही केव्हा ना केव्हा एकच प्रश्न पडतो. चारही चाके ओढणाऱ्या अशा जुन्या गाडीचा ॲक्सल निकामी झाला आणि तोच ॲक्सल बाजारात मिळेना, तर दुसऱ्या गाडीचा बसवावा की नाही? बसविल्यास त्याबरोबर आणखी काय बदलावे लागेल? मिस्त्री म्हणतो, ‘बसवून देतो.’ तो बसवूनही देतो. तथापि बसणे निराळे आणि जुळणे निराळे. या दोहोंतील अंतर पुढे मालकाच्या खिशाला भोवते, व घाटात कधी कधी त्याहून मोठ्या गोष्टीला. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलात विचार करण्याचे आम्ही योजले आहे.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, हे बहुतेकांच्या घरी ऐकून ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात विलिस व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. जनरल मोटर्सच्या अडीच टनी, सहा चाकांना गती देणाऱ्या मालमोटारी पाच लाखांवर गेल्या. एकट्या कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. 1945 साली युद्ध संपले आणि त्यांपैकी हिंदुस्थानात राहिलेल्या गाड्या डिस्पोजलच्या विक्रीत निघाल्या. कित्येक वाहतूकदारांच्या धंद्याचा पाया या विक्रीवर घातला गेला. पुढे मुंबईस महिंद्रांनी विलिसच्या परवान्याने जीप बांधावयास घेतली. 1959 पासून जबलपुरास जर्मन ‘मान’ कंपनीच्या नमुन्यावर शक्तिमान मालमोटार तयार होऊ लागली, आणि 1969 पासून निस्सानच्या नमुन्यावरील जोंगा. लष्कराने निवृत्त केलेल्या या गाड्याही लिलावातून लाकूडवाले, दगडखाणवाले व शेतकरी यांच्या हाती आल्या. आज शक्तिमान व जोंगा दोन्ही बंद झाल्या असून मागे उरले आहेत ते त्यांचे सांगाडे आणि त्यांच्या भागांची मागणी.

आता यंत्राकडे वळू. साध्या मालमोटारीत इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब शाफ्टने मागच्या ॲक्सलला पोहोचते. पुढची चाकेही ओढावयाची असली म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी लागते. तीच ट्रान्सफर केस. ती आलेल्या ताकदीचे दोन वाटे करते, एक मागे व एक पुढे. बहुतेक गाड्यांत तिच्या पोटी गिअरची आणखी एक जोडी असते. तिचा दांडा ओढला की गाडीचा वेग निम्म्याच्या आसपास उतरतो आणि ओढ तितक्याच प्रमाणात वाढते. दोन्ही ॲक्सलांच्या मधोमध, किंवा थोडी बाजूस, जी गोल पोटाची डबी दिसते तिच्यात क्राऊन व पिनियन असतात. पिनियनला दात थोडे, क्राऊनला पुष्कळ. क्राऊनच्या दातांस पिनियनच्या दातांनी भागले म्हणजे ‘पट’ निघतो. शाफ्टचे इतके फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो, असा त्याचा अर्थ.

सर्व घोटाळ्याचे मूळ या पटात आहे. भागांच्या दुकानी गिऱ्हाईक येते आणि म्हणते, ‘शेट, जीपचा पुढचा हाऊसिंग पाहिजे.’ दुकानदार म्हणतो, ‘आहे.’ मालही जीपचाच असतो, दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. परंतु महायुद्धातील विलिस जीपच्या क्राऊनला 39 दात व पिनियनला 8, म्हणजे पट 4.88, आणि युद्धानंतरच्या नागरी जीपच्या, म्हणजे ‘सीजे’ जातीच्या, क्राऊनला 43 दात व पिनियनला तेच 8, म्हणजे पट 5.38. बाहेरून पाहता दोन्ही पुढचे ॲक्सल जुळ्या भावंडांसारखे दिसतात. पिनियन काढून दात मोजले तरी दोन्हीकडे आठच भरतात. क्राऊनचे दात मोजल्याखेरीज भेद कळत नाही.

समजा, नागरी जीपला युद्धकाळातील पुढचा ॲक्सल बसविला. मागे 5.38 व पुढे 4.88. टायर एका फेऱ्यात अडीच मीटर चालतो असे धरू. शंभर मीटर अंतरात मागची चाके 40 फेरे घेतील, आणि त्याच शाफ्टच्या गतीने पुढच्या चाकांना 44 फेरे घ्यावे लागतील. म्हणजे दर शंभर मीटरमागे दहा मीटरची तफावत. पुढची चाके दहा मीटर अधिक जाऊ पाहतात आणि जमीन ती जाऊ देत नाही. चिखलात किंवा वाळूत चाक घसरते व तफावत फिटून जाते; म्हणून पहिल्या दिवशी शेतात गाडी उत्तम चालते आणि मिस्त्री पैसे घेऊन जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र चाकाला घसरावयास जागा नसते. ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या दातांमध्ये पिळासारखा साठत जातो. दांडा ओढून पुढची ओढ सोडवू गेले तर दांडा हलत नाही. शेवटी जो भाग सर्वांत अशक्त तो तुटतो, व तो कोणता हे आधी सांगता येत नाही.

पुढील व मागील पटांत बारीकसा फरक कारखानेही ठेवीत. अमेरिकन मालमोटारींत पुढे 4.09 व मागे 4.10, किंवा फोर्डमध्ये पुढे 3.54 व मागे 3.50, अशा जोड्या कारखान्यातूनच निघत. एक टक्क्याच्या आसपासचा फरक टायर पचवितो. दहा टक्के तो पचवू शकत नाही. येथे एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. पुढे झिजलेले टायर व मागे नवे टायर घालणारे मालकही नकळत हाच गुन्हा करतात. बत्तीस इंची टायर झिजून एकतीस इंची झाला की तीन टक्के फरक पडला.

पट ओळखावयास डबी उघडण्याची गरज नाही. ॲक्सल ठोकळ्यांवर घेऊन दोन्ही चाके एकदम आठ फेरे फिरवावीत आणि शाफ्टवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजावेत. 43 भरले तर नागरी जीप, 39 भरले तर युद्धातील. एकच चाक फिरवावयाचे व दुसरे जमिनीवर ठेवावयाचे असेल तर आठाऐवजी सोळा फेरे द्यावे लागतात, कारण डिफरन्शियल निम्मे फेरे गिळते. दुकानदाराने हे काम गिऱ्हाइकासमोर करावे आणि आकडा पावतीवर लिहून द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

आता असे विचारले जाईल की मुळात पट बदलण्याची इच्छा कोणाला व का व्हावी? आपल्याकडे याचे मुख्य कारण डिझेल. पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसविण्याची रीत अनेक वर्षे चालत आली. डिझेल इंजिन सावकाश फिरते पण नेटाने ओढते. 5.38 च्या पटाने ताशी 60 किलोमीटर वेगाला, वरच्या गिअरमध्ये, इंजिनाला मिनिटास सुमारे 2150 फेरे पडतात, 4.88 ला 1950, 4.27 ला 1700. हे आकडे वर धरलेल्या अडीच मीटरच्या टायरचे आहेत. सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला शेवटचा आकडा मानवतो, आवाज कमी होतो, तेल वाचते. परंतु जे वर वाचले ते खाली गेले. नागरी जीपच्या पहिल्या गिअरचा पट 2.8, ट्रान्सफर केसचा खालचा पट 2.46 व ॲक्सलचा 5.38, यांचा गुणाकार 37. ॲक्सल 4.27 चा घातला की गुणाकार 29 वर येतो. भरल्या ट्रेलरसह ओढ्यातून वर चढताना हा फरक पायाच्या क्लचला कळतो. युद्धातील जीपची ट्रान्सफर केस दिसावयास तीच, नावही तेच, स्पायसर 18. पण तिचा खालचा पट 1.97. ती जर कोणी नागरी जीपला लावली तर ॲक्सलला हात न लावताही गुणाकार तीसच्या आत येतो. म्हणून आम्ही म्हणतो की ट्रान्सफर केस व दोन ॲक्सल ही एकाच खतावणीतील तीन खाती आहेत. एकात रक्कम फिरविली की उरलेली दोन्ही तपासावी लागतात.

पट जुळला तरी जागा जुळली पाहिजे. स्पायसर 18 मधून पुढचा व मागचा असे दोन्ही शाफ्ट गाडीच्या मध्यरेषेपासून उजवीकडे निघतात. म्हणून त्या जीपच्या मागच्या ॲक्सलची गोल डबीही उजवीकडे सरकलेली असते. नंतर आलेल्या डाना 20 मध्ये मागचा शाफ्ट सरळ मध्यातून निघतो, आणि 1972 पासूनच्या अमेरिकन सीजे जीपमध्ये ती आल्यावर मागची डबीही मध्यावर आली. जुन्या केसला मध्यावरचा ॲक्सल किंवा नव्या केसला उजवा ॲक्सल लावला तर शाफ्ट तिरका धावतो. जीपची लांबी थोडी, मागचा शाफ्ट आखूड, त्यामुळे हा तिरकेपणा फार जाणवतो. क्रॉस लवकर जातात व गाडी थरथरते.

स्पायसर 18 च्या अदलाबदलीत आणखी एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास जीवावर बेतेल. विलिस जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागील तोंडावरच्या छोट्या ड्रमवर असतो व शाफ्टला धरतो. ट्रान्सफर केस बदलली की हँडब्रेकही गेला. नव्या केसला तशी सोय नसेल तर मागच्या चाकांवर हँडब्रेकची तार ओढून घेतल्याखेरीज गाडी गॅरेजबाहेर काढू नये. उतारावर उभी केलेली भरली गाडी केवळ गिअरच्या भरवशावर ठेवणे किती धोक्याचे आहे, हे मालवाहतूक करणाऱ्यांस सांगावयास नको.

त्याच केसमध्ये मूळ बांधणारांनी एक शहाणपण ठेवले होते. पुढची चाके जोडल्याशिवाय खालचा पट लागत नसे. आतमध्ये एक लहानसा अडसर असे. तो काढून टाकून केवळ मागच्या चाकांवर खालचा पट वापरण्याची युक्ती काही मिस्त्री मोठ्या कौतुकाने करून देतात. गाडी अरुंद जागेत वळविण्यास ती सोयीची असते हे खरे. पण सीजे-3बी च्या इंजिनचा पीळ 114 फूट-पौंड, त्याला 37 ने गुणले म्हणजे कागदावर चार हजारांवर फूट-पौंड, तो सगळा एकट्या मागच्या ॲक्सलवर. अडसर ठेवणाराला हा गुणाकार ठाऊक होता.

या अदलाबदलीची खरी शाळा मात्र अमेरिकेत भरली. तेथे जुन्या मालमोटारी विपुल, मोडीचे बाजार मोठे, आणि हौसही दांडगी. त्यांच्या अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून थोडे तिकडे वळतो. तेथील सर्वांत साधे व सर्वांत समाधानकारक उदाहरण डॉजचे. युद्धातील पाऊण टनी डॉज गाड्यांच्या ट्रान्सफर केसला खालचा पटच नव्हता. पुढची ओढ जोडणे-सोडणे एवढेच तिचे काम. युद्ध संपताच 1945 मध्ये त्याच घराण्यातील ‘पॉवर वॅगन’ नागरी बाजारात आली आणि तिच्या केसला 1.96 चा खालचा पट होता. ही केस जुन्या डॉजला लावणे ही तेथील मालकांची आवडती सुधारणा. दोन्ही गाड्यांत केस गिअरबॉक्सपासून सुटी, मध्ये एक आखूड शाफ्ट. त्यामुळे बदल पुष्कळसा सरळ होतो. एकाच कुळातील बदल नेहमी असाच स्वस्त पडतो.

कूळ बदलले की खर्च वाढू लागतो. 1969 पासून अमेरिकन मालमोटारींत ‘न्यू प्रोसेस 205’ नावाची ओतीव लोखंडाची, सर्वस्वी गिअरवर चालणारी ट्रान्सफर केस वापरात आली. अमेरिकन मालकांची तिच्यावर आजही जितकी भक्ती आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही केसवर नाही. पाठोपाठ ‘203’ आली. ती चारही चाके सदैव ओढणारी, आत साखळी व तिसरे डिफरन्शियल असलेली. 1973 च्या तेलटंचाईनंतर सदैव चार चाके ओढणे लोकांना महाग वाटू लागले. कित्येकांनी 203 मध्ये फेरफार करून पुढची ओढ सोडवून घेतली, व कित्येकांनी ती काढून 205 बसविली. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की 203 चा पुढचा अर्धा भाग, ज्यात दुपटीचा खालचा पट आहे, तो स्वतंत्र काढता येतो. तो 205 च्या पुढे जोडला की 2 आणि 1.96 यांचा गुणाकार होऊन जवळजवळ चौपट मिळते. टाकाऊ ठरलेल्या मालातून असा उपयोग काढणे कोणाही व्यापाऱ्यास आवडेल.

पण त्याच 205 ची खरेदी करताना नवखा फसतो तो खाचांत. जनरल मोटर्सच्याच 205 मध्ये आत शिरणाऱ्या शाफ्टच्या खाचा कधी 10, कधी 27, कधी 32. नाव एक, आकार एक, पण गिअरबॉक्सला लागेल ती एकच. शिवाय 1970 च्या दशकातील शेव्हरोलेट मालमोटारींचा पुढचा शाफ्ट उजवीकडून जातो आणि फोर्डचा डावीकडून. शेव्हरोलेटवाल्याला फोर्डचा भक्कम ‘डाना 60’ ॲक्सल स्वस्तात मिळाला म्हणून तो हर्षभराने घरी आणतो, आणि मग ट्रान्सफर केसही फोर्डकडची शोधावी लागते. मग ती गिअरबॉक्सला जुळविणारा मधला तुकडा, मग दोन्ही शाफ्ट नव्या लांबीचे. ॲक्सल स्वस्त पडला होता हे तोवर विसरावयास होते.

डाना 60 ची कीर्ती मात्र खोटी नाही. त्याचा क्राऊन पावणेदहा इंच व्यासाचा. त्याच काळच्या अर्ध्या टनी गाड्यांचा साडेआठ इंच. मागे जनरल मोटर्सचा ‘चौदा बोल्टी’ ॲक्सल, साडेदहा इंची. मोठे टायर व जड ओझे यांसाठी ही जोडी तेथे रूढ झाली आहे. परंतु या ॲक्सलांना चाकाचे बोल्ट आठ आणि अर्ध्या टनीला सहा. फक्त मागचा ॲक्सल बदलला तर पुढे सहा भोकांची व मागे आठ भोकांची चाके होतात, आणि रस्त्यात पंक्चर झाल्यास एक जादा चाक पुरत नाही. दोन बाळगावी लागतात. ही अगदी क्षुल्लक बाब, पण रात्री आडरानात ती क्षुल्लक राहत नाही.

ॲक्सलची जात सांगणारा एक शब्द सभासदांनी लक्षात ठेवावा, ‘फ्लोटिंग’. पूर्ण फ्लोटिंग ॲक्सलमध्ये चाकाचा भार हबच्या बेअरिंगवरून हाऊसिंगवर जातो. आतील दांडा केवळ फिरविण्याचे काम करतो. दांडा तुटला तरी चाक जागेवर राहते. अर्ध्या फ्लोटिंगमध्ये तोच दांडा भारही पेलतो. तो चाकाजवळ तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. युद्धातील जीपचा मागचा ॲक्सल पूर्ण फ्लोटिंग होता, नंतरच्या नागरी जीपचा अर्धा फ्लोटिंग झाला. नवे ते सुधारलेले असे मानणाऱ्यांस हे चमत्कारिक वाटेल. त्या अर्ध्या फ्लोटिंगच्या जुन्या प्रकारात हब निमुळत्या दांड्यावर किल्लीने बसविलेला असतो व मोठ्या नटाने आवळलेला असतो. तो नट सैल राहिला तर किल्ली कापली जाते आणि दांडा नुसताच फिरतो. भार वाहणाऱ्या गाडीला ॲक्सल निवडताना क्राऊनच्या व्यासाआधी हा प्रश्न विचारावा असे आमचे मत आहे.

पुढच्या ॲक्सलचे दुखणे निराळे. त्याला ओढावयाचेही असते आणि वळावयाचेही. युद्धातील जीपच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांत रझेपा, बेंडिक्स-वाइस, ट्रॅक्टा असे भिन्न प्रकार सापडतात. एका प्रकारचा अर्धा दांडा दुसऱ्याच्या अर्ध्याशी जुळत नाही, म्हणून पूर्ण संचच घ्यावा. दुसरे म्हणजे कल. पुढचा ॲक्सल पाट्यांवर बसविताना शाफ्ट सरळ यावा म्हणून मिस्त्री हाऊसिंग थोडे फिरवून पॅड वेल्डिंग करतो. हाऊसिंग फिरले की किंगपिनचा कलही फिरतो. तो कल मूळ मर्यादेबाहेर गेला म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते व वेगात गाडी भरकटते. शाफ्ट सुखी करताना ड्रायव्हर दुःखी झाला. दोन्ही साधावयाचे तर हाऊसिंगच्या टोकाचे सांधे कापून, फिरवून, पुन्हा जोडावे लागतात, आणि ते काम प्रत्येक वेल्डिंगवाल्याने हाती घेण्यासारखे नाही.

शाफ्टच्या कोनांचाही एक नियम आहे. साधा क्रॉसचा सांधा वाकलेल्या स्थितीत फिरताना शाफ्टला एकसारखी गती देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे व दोनदा किंचित मागे असे होते. दुसऱ्या टोकाचा सांधा तेवढ्याच कोनात असला आणि दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असले म्हणजे ही चूक परस्पर फिटते. शाफ्ट कापून लांबी कमी करणाराने काटे एका रेषेत ठेवले नाहीत तर गाडी नवी थरथर घेऊन येते, आणि दोष बिचाऱ्या नव्या ॲक्सलवर येतो.

ब्रेकचा विचार शेवटी केला जातो, वास्तविक तो पहिल्याने व्हावा. मोठ्या गाडीच्या ॲक्सलवर मोठे ड्रम असतात. मागे मोठे ड्रम व पुढे जुने लहान राहिले तर पावसात ब्रेक दाबताच मागची चाके आधी अडकतात आणि गाडीची शेपटी फिरते. आंबोली किंवा चोर्ल्याच्या घाटात, आषाढात, याचा अर्थ काय होतो ते या भागातील ड्रायव्हरांना विचारावे. मोठ्या सिलिंडरांना तेलही अधिक लागते. जुना मास्टर सिलिंडर तेवढे देत नाही व पायडल खोल जाते. ॲक्सल ज्या गाडीचा, त्या गाडीचा मास्टर सिलिंडर आणि ब्रेकची पुढे-मागे वाटणी यांची चौकशी त्याच दिवशी करावी. वेगदर्शक काटाही तपासावा. जीपमध्ये त्याची तार ट्रान्सफर केसमधून निघते. पट बदलला की काटा खोटे बोलू लागतो.

येणेप्रमाणे एका ॲक्सलच्या किमतीमागे दोन शाफ्ट, यू-बोल्ट, पाट्यांचे पॅड, ब्रेकच्या नळ्या, मास्टर सिलिंडर, चाके, हँडब्रेकची तार आणि वेल्डिंगची मजुरी उभी असते. सौदा करताना ॲक्सलचा भाव विचारून थांबणारा मालक अर्धाच भाव विचारतो. भागविक्रेत्यानेही गिऱ्हाइकास ही यादी आधी सांगावी. त्यामुळे एखादा सौदा मोडेल हे आम्ही जाणतो. पण मोडलेला सौदा परत येतो, फसलेले गिऱ्हाईक येत नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हे कलम कडकपणेच लावले. झिजलेल्या भागाच्या जागी तशाच जातीचा भाग घालणे ही दुरुस्ती होय; दुसऱ्या जातीचा ॲक्सल घालून गाडीचे वजन, चाकांचे अंतर वा भारक्षमता बदलणे ही दुरुस्ती नव्हे. शंका असेल तेथे आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयास लेखी विचारावे. अपघातानंतर विमा कंपनीस वाद घालण्यास जागा मिळते ती अशाच न विचारलेल्या बदलांतून. शिवाय 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. ही नोंदणी धंद्याच्या वाहतुकीसाठी नाही. ती मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीसाठी आहे. ज्यांच्या वखारीत आजोबांची जीप उभी आहे त्यांनी गॅस-कटर पेटविण्यापूर्वी या नियमाचा विचार करावा. अशा गाडीचे मोल आता तिच्या ओढण्यात नसून तिच्या अस्सलपणात आहे, असे आम्हांस वाटते.

ज्यांची गाडी खरोखर कामाची आहे व मूळ भाग मिळतच नाही, त्यांनी बदल जरूर करावा. क्राऊन व पिनियन नेहमी जोडीने घ्यावेत. कारखान्यात ती जोडी एकमेकांवर घासून बसविलेली असते व बहुधा दोन्हींवर एकच क्रमांक कोरलेला असतो. क्रमांक भिन्न दिसले तर कितीही स्वस्त असो, परत करावी. बसविल्यावर पहिली धाव मोकळ्या गाडीने मऊ जमिनीवर घ्यावी, चारही चाके जोडून सरळ जावे, आणि थांबून पुढची ओढ सोडवून पाहावी. दांडा सुटेना तर पट जुळलेले नाहीत असे समजावे. मग वीस-पंचवीस किलोमीटर रस्त्यावर जाऊन प्रत्येक हबवर व डबीच्या पोटावर हात ठेवावा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग फार आवळले आहे किंवा तेल कमी आहे. यू-बोल्ट भार घालण्यापूर्वी एकदा व पहिल्या खेपेनंतर पुन्हा आवळावेत. काढलेला मूळ ॲक्सल भंगारात घालू नये. त्याची तोंडे लाकडी गुट्ट्यांनी बंद करून, आत तेल व बाहेर ग्रीस चोपडून, तो वखारीच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवावा. आणि त्यास पत्र्याची एक चिठ्ठी तारेने बांधून तिच्यावर गाडीचा क्रमांक, काढल्याची तारीख व क्राऊन-पिनियनचे दात खिळ्याने कोरून ठेवावेत.